दोन बटनांचा कूलर

आमच्या नागपुरातल्या सक्करदऱ्याच्या घराचं दार उघडायला तीन गोष्टी कराव्या लागत. आधी चौकटीतल्या भोकातून लोंबणारी दोरी ओढायची, ती ओढून धरलेली असतानाच दार खांद्यानं थोडं आत रेटायचं, आणि मग दुसऱ्या हातानं खालची लोखंडी पट्टी डावीकडे सरकवायची. एवढं सगळं जमलं की आतली कडी निघे आणि वर टांगलेली घंटी वाजे. वास्तविक त्या दाराला सुतारानं लावलेली चांगली कडी होती. पण ती बाहेरून काडी घालून उघडता येते, हे बाबांनी एकदा स्वतःच करून दाखवलं, आणि त्या दिवसापासून आम्ही आमच्याच घरात चोरासारखे शिरू लागलो. पाहुणे दारात उभे राहून हाका मारत. शेजारच्या मंदामावशी आईच्या जिवाभावाच्या. त्या तर पुढच्या दाराच्या वाटेलाच जात नसत, मागच्या अंगणातून येत. "तुया घरात याले आयटीआय पास व्हा लागते वं," असं त्या आईला म्हणत आणि आई तोंडाला पदर लावून हसे. हे लिहायला बसले तेव्हा सगळ्यात आधी मला तिचं ते हसू आठवलं. बाकीचं मागाहून आठवत गेलं, आणि त्यातलं बरंचसं आठवलं नसतं तर बरं झालं असतं.

बाबा वायरमन. कळमेश्वरच्या एमआयडीसीत एका कारखान्यात मेंटेनन्सला होते. पहाटे निघत, संध्याकाळी परतत, आणि हातपाय धुतल्यावर चहाच्या आधी त्यांना कागद लागे. कॅलेंडरची उलटलेली पानं, माझ्या जुन्या वह्यांची मागची बाजू, काहीही चाले. त्यावर ते पट्टी आणि पेन्सिल घेऊन घरातल्या कुठल्या ना कुठल्या गोष्टीचं चित्र काढत. पाण्याच्या ड्रमचं, रेडिओच्या तारेचं, कपडे वाळवायच्या दोरीचं. चित्रात प्रत्येक स्क्रू असे, प्रत्येक खिळा असे. एखादी गोष्ट घरात आहे आणि त्यांच्या चित्रात नाही, असं कधी व्हायचं नाही. 'द्राविडी प्राणायाम' हा शब्द शाळेत बाईंनी समजावून सांगितला तेव्हा मी एकटीच हसले होते, कारण मला उदाहरणाची गरज नव्हती. ड्रम भरला की वाजणारी एक घंटी त्यांनी बसवली होती. ड्रम आईच भरायची, तिथेच उभी राहून. तो भरला हे तिला डोळ्यांनी दिसे, आणि तरी घंटी वाजे. "हातच्या कांकणाले आरसा कायले लावता हो?" असं ती विचारे. बाबा रागवत नसत. एकदाच म्हणाले, "साधं काम केलं की लोकं म्हणतात, ह्यात काय हाय, हे तं कोणीबी करते. मले ते नाही आयकाचं." आमच्या आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यानंतरच्या पिढीतले घरातले पहिले शिकलेले ते. कोणी आणि केव्हा त्यांना तसं म्हटलं होतं, हे मी कधी विचारलं नाही. आता विचारायचं तर कोणाला?

घर दोन खोल्यांचं. आतल्या खोलीत बुद्धाची तसबीर, खाली रेडिओची फळी, शेजारी कॅलेंडर. बाहेर अंगण, त्यात ड्रम, मोरी आणि एक बाज. तळं जवळ असल्यामुळे संध्याकाळी वाऱ्याबरोबर शेवाळाचा वास येई आणि बेडकं ओरडू लागत. माझ्याआधीची दोन भावंडं जगली नव्हती, त्यामुळे आई माझ्या बाबतीत धास्तावलेली असे. पण ते ती बोलून दाखवत नसे, जेवायला घालून दाखवी. उन्हाळ्यात दुपारी भाकरी, घट्ट चून म्हणजे आमचं पिठलं, वर कच्चं तेल, बुक्कीनं फोडलेला कांदा. सणावाराला वडाभात. आमच्याकडे शकुन-अपशकुन नव्हते. मांजर आडवं गेलं तर मांजराला काम असेल, असं बाबा म्हणत. त्यामुळे त्या वर्षी जे जे दिसत गेलं, ते आम्ही कोणी कशाशी जोडलं नाही. आज जोडते, पण आज जोडून काय उपयोग.

नागपुरात कूलर नसलेलं घर म्हणजे भट्टी. आमचा कूलर बाबांनी स्वतः पत्रा कापून बनवलेला होता. खिडकीच्या बाहेर लोखंडी स्टँडवर तो बसे, अंगणाच्या बाजूला. दर वर्षी होळी झाली की तो खाली उतरे, खरवडून रंगवला जाई, वाळ्याच्या नव्या ताट्या लागत, आणि पहिल्यांदा पाणी पडलं की सगळ्या घराला तो ओला, गोड वास येई. कूलरमध्ये पाणी भरायची आईची एक रीत होती. पिन काढायची, पाणी भरायचं, पिन लावायची. काढलेली पिन ती खिडकीच्या गजाला अडकवून ठेवी, म्हणजे बाहेरून भरताना समोर दिसे. तिला शाळा चौथीपर्यंतची. पण आजवर मी पाहिलेला विजेचा सगळ्यात शहाणा नियम तोच आहे. आमच्या मनीषनगरच्या फ्लॅटमध्ये माझा मुलगा आता गीझर फोनवरून चालू करतो, ऑफिसातून निघताना. तो घराबाहेर पडला की मी उठते आणि भिंतीवरची पिन उपटून ठेवते. तो ओरडतो. ओरडू दे.

त्या वर्षी बाबांना पिन खटकली. ती ढिली बसते, ठिणगी उडते, एखाद दिवशी जळेल, असं त्यांचं म्हणणं, आणि ते खोटं नव्हतं. नवी पिन आणली असती तर दहा मिनिटांत काम झालं असतं. बाबांनी तीन रविवार घेतले. पिन कायमची काढून टाकली, तार थेट भिंतीतून नेली, आणि कूलरला दोन बटनं बसवली. एक आत, रेडिओच्या फळीशेजारी. दुसरं बाहेर अंगणात, कूलरच्या स्टँडपाशी. जिन्याच्या दिव्याला असतात तशी ही बटनं होती. खालून लावा, वरून बंद करा. वरून लावा, खालून बंद करा. पाणी भरणाऱ्याला बाहेरच्या बाहेर कूलर बंद करता यावा, आत धावावं लागू नये, यासाठी हे सगळं. आईच्याच सोयीसाठी. अशा बटनांचं एक असतं की ती वर आहेत की खाली, यावरून काही कळत नाही. दोन्ही बटनं मिळून काय ते ठरवतात. बाबांना हे अर्थातच ठाऊक होतं, म्हणून त्यांनी दोन्हीकडे एकेक लाल दिवा बसवला. दिवा पेटला असेल तर कूलरमध्ये करंट आहे, विझला असेल तर नाही. पाच ओळींचा नियम सुवाच्य अक्षरात लिहून त्यांनी भिंतीला चिकटवला. आईनं तो माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. मग ती म्हणाली, "आन् लाइट गेली तं?"

"लाइट गेली तं करंटच नाही," बाबा म्हणाले. "मंग भेव कायचं?"

"तसं नाही म्हणत मी. लाइट गेली तं दिवा बी विझंल ना. मंग समजंल कसं?"

"अवं, पण लाइट नसतानी कूलर चालतेच कुठं?" बाबा हसले, मीही हसले. आठवीतली मुलगी, मला दोन बटनांचं गणित समजलं होतं आणि आईला समजलं नाही याची मला गंमत वाटली. पुढे पस्तीस वर्षं मी शाळेत गणित शिकवलं. वर्गात एखादं पोर असा साधा प्रश्न विचारी आणि बाकीची हसत, तेव्हा मी हसणाऱ्यांना उभं करत असे. मुलांना वाटे, बाई फार कडक आहेत.

मे महिन्यात कूलर चिमटे घेऊ लागला. पाणी भरताना हात पत्र्याला लागला की झिणझिण्या येत. आतल्या पंपाची तार कुठंतरी पत्र्याला घासत होती. आईनं सांगितलं, बाबांनी बोटाच्या मागच्या बाजूनं चाचपून पाहिलं आणि म्हणाले, अर्थिंग करावं लागेल. शेजारीपाजारी नळाच्या पाइपाला एक तार बांधून मोकळे होत. बाबांच्या कारखान्यात मात्र अर्थिंग पद्धतशीर होतं: जमिनीत खोल खड्डा, त्यात तांब्याची प्लेट, कोळशाचा आणि मिठाचा थर. घरी तेच करायचं ठरलं. एका रविवारी कूलरच्या खाली, बरोबर खिडकीशी, त्यांनी खड्डा खणला. माझ्या कमरेइतका झाला. तांब्याची प्लेट मिळायला वेळ लागत होता, त्यामुळे खड्डा तसाच राहिला. कूलरचं पाणी त्यात ठिबकत राही आणि कडेची माती रोज थोडी ढासळे. "घराच्या पायाशी असा खड्डा खणून नोका ठेवू," आई म्हणाली, "मले पाहवत नाही." तोवर चालावं म्हणून बाबांनी नियमात सहावी ओळ लिहिली: बटन बंद करून दिवा पाहिल्याशिवाय कूलरला हात लावू नये.

त्या दिवशी सकाळपासून कुरडयांचं काम चाललं होतं. तीन दिवस भिजवलेल्या गव्हाचा चीक शिजत होता, सगळ्या घराला त्याचा आंबूस वास होता, आणि मला वाटीभर गरम चीक साखर घालून मिळाला होता. आई आणि मंदामावशी सोऱ्या फिरवत होत्या, अंगणातल्या बाजेवर धुतलेलं लुगडं पसरून त्यावर कुरडया घालत होत्या. बाबा कारखान्यात गेले होते. दुपारी ऊन असं तापलं की कावळेसुद्धा गप्प झाले. मी आत कूलरसमोर पालथी पडून गोष्टीचं पुस्तक वाचत होते. कूलरची घरघर, ताट्यांवरून झिरपणाऱ्या पाण्याचा आवाज, बाहेर दोघींचं बोलणं. एवढ्यात लाइट गेली. घरघर हळूहळू मंदावत थांबली आणि एकदम इतकं शांत झालं की मंदामावशींच्या बांगड्या ऐकू येऊ लागल्या.

"आली का आफत," आई म्हणाली. "आता कूलर बंदच हाय तं पाणी तरी भरून घेतो. नंदे, ये वं जरा, बादली धराले."

"आली," मी म्हटलं, आणि गेले नाही. पान संपायचं होतं.

लाइट गेली की आमच्याकडे काय, सगळ्या नागपुरात एक रिवाज होता. आधी बटनं बंद करायची. लाइट परत येताना झटक्यानं येते, पंखा जळतो, रेडिओ जळतो. हे मला आईनंच लहानपणापासून लावलेलं वळण. पान संपलं तशी मी उठले आणि बाहेर जाता जाता शहाण्या मुलीसारखी सगळी बटनं बंद करत गेले. पंख्याचं केलं. रेडिओचं केलं. कूलरचं केलं. तिन्ही वेळा टक् असा आवाज झाला. कूलरचं बंद केलं, असं मला वाटलं. बाहेर आईनं बाबांच्या नियमाप्रमाणे तिच्या बाजूचं बटन आधीच दाबलं होतं, हे मला माहीत नव्हतं. दिवा पाहायचा, तर लाइटच नव्हती. मी उंबरठ्याशी पायात चप्पल घालत होते. ड्रममधून बादली बुडवल्याचा आवाज आला, मग पाणी पत्र्यावर पडल्याचा, आणि मग आत माझ्या मागे कूलर सुरू झाला.

माझ्या मनात पहिला विचार काय आला तर, मी तर बंद केला होता, हा चालू कसा झाला. बाहेर बादली पडली. आईनं हाक मारली नाही, किंचाळली नाही. तिच्या घशातून एक आवाज येत राहिला, तो इथे लिहिता येणार नाही. मी अंगणात आले तेव्हा ती कूलरला चिकटलेली होती, पाय ओल्या मातीत, आणि मी तिच्याकडे धावले. तेवढ्यात चहा मांडायला गेलेल्या मंदामावशी त्यांच्या घरातून आल्या, मला केसाला धरून मागे फेकलं, आणि कपडे धुवायची लाकडी मोगरी उचलून आईच्या हातावर मारली. एकदा, दोनदा. आई सुटली आणि त्या खड्ड्यावर आडवी पडली. मावशींनी तिचं डोकं मांडीवर घेतलं. कूलर चालूच होता. शेवटी मीच आत जाऊन तो बंद केला, टक् करून, आणि तेव्हा, त्या क्षणी, मला सगळं समजलं: आईनं बाहेरून बंद केलेला कूलर मी आतून पुन्हा लावला होता.

बाबा संध्याकाळी कळमेश्वरहून आले तेव्हा अंगण माणसांनी भरलं होतं. ते रडले नाहीत. आईजवळ बराच वेळ बसले, मग उठून कूलरपाशी गेले आणि बाहेरचं बटन पाहत उभे राहिले. मंदामावशी म्हणाल्या, "भाऊजी, तिनं बटन दाबलं होतं. म्या माया डोयानं पायलं. मंग मी च्या मांडाले घरात गेली." बाबांनी मान हलवली. मग ते आत आले. मी कोपऱ्यात गुडघ्यात तोंड घालून बसले होते. ते माझ्यासमोर उकिडवे बसले.

"नंदे, आतलं बटन कोणी दाबलं काय बेटा?"

"नाही बाबा," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग उठून माणसांत गेले आणि कोणीतरी विचारलं तेव्हा म्हणाले, "माया वायरिंगमंधी फॉल्ट हाय. शोधा लागंल." बाजेवरच्या कुरडया पुढे कितीतरी दिवस तशाच होत्या. वाळून, तडकून, वाऱ्यानं त्यांचा चुरा होऊन गेला.

त्यानंतर बाबांनी घरातल्या कुठल्याही गोष्टीला हात लावून ती अवघड केली नाही. दोरी, पट्टी, घंटी सगळं काढलं. दाराला साधी कडी आली. खड्डा बुजवला. कारखान्यात मेंटेनन्स सोडून स्टोअरला बदली मागून घेतली. एक गोष्ट मात्र सुटली नाही. आठवड्यातून एकदा तरी, चहाच्या आधी, ते कागद घेऊन बसत आणि त्या कूलरच्या वायरिंगचं चित्र काढत. कोणी विचारलं तर फॉल्ट शोधत होते. कधी म्हणत, खांबावरूनच उलटा करंट आला असेल. कधी म्हणत, भिंतीत ओल होती, तारेच्या आत पाणी शिरलं असेल. आल्यागेल्याला समजावून सांगत. माणसं माना डोलावत आणि घरी जाऊन म्हणत, पगलावला बिचारा. मी तेव्हा स्वयंपाकघरात असे. एकही चित्र मी उघडून पाहिलं नाही. तीन शब्दांत सुटणारं कोडं माझ्या तोंडात होतं, आणि मी त्यांना वर्षानुवर्षं कागद पुरवत राहिले. सुरुवातीला भीती होती. मग लग्न ठरलं, तेव्हा कशाला. मग मूल झालं. मग त्यांचं वय झालं, आता कशाला त्रास द्यायचा. मी न सांगायची जेवढी कारणं शोधली, तेवढे स्क्रू बाबांच्या चित्रांत नसतील. गाठी मारण्यात मी त्यांच्या वरताण निघाले.

शेवटची दोन वर्षं ते माझ्याकडे मनीषनगरला होते. हात कापायचा, ऐकू कमी यायचं, डोकं मात्र लख्ख. एका दुपारी घरात दोघंच होतो. मी त्यांना आंब्याचा रस चमच्यानं भरवत होते. खालून कुठल्या तरी घरातून वाळ्याचा वास आला. आता कोणी वाळा लावत नाही, पण आला. माझ्या हातातला चमचा थांबला आणि मी म्हणाले, "बाबा, त्या दिवशी आतलं बटन मी दाबलं होतं."

त्यांना ऐकू गेलं नाही असं वाटून मी पुन्हा म्हणाले, मोठ्यानं. सगळं सांगितलं. लाइट गेल्याचं, पानाचं, चपलांचं. माझं मलाच ऐकवत नव्हतं, आणि मी रडत होते, साठीच्या घरातली बाई, बापापुढे नाक ओढत. बाबांनी ओठांवरचा रस पुसला.

"नाही," ते म्हणाले. "तुया बटनानं काही नाही झालं."

"बाबा, मीच दाबलं होतं. इतकं साधं होतं ते."

"इतकं सोपं नसते, बेटा. तुले नाही समजाचं ते. कागद दे."

मी कागद दिला, पेन्सिल दिली, पाठीशी उशी लावली. अर्धा तास ते काढत होते. हात कापत होता, रेघा वाकड्या येत होत्या, पण खांबापासून सुरुवात करून त्यांनी मीटर काढला, फ्यूज काढला, बाहेरचं बटन काढलं, दोन्ही लाल दिवे काढले, पंपाची घासलेली तार काढली, ड्रम, बादली आणि खिडकीखालचा खड्डा काढला. काढता काढता मला समजावत होते: खांबावरून करंट कसा उलटा फिरतो, ओल कशी चढते, माणसाचा त्यात काही इलाज कसा चालत नाही. मी मान डोलावत होते. मग ते दमले आणि कागद माझ्या हातात देऊन झोपले.

ते चित्र मी खिडकीशी नेऊन पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांचं चित्र नीट पाहत होते. आतल्या खोलीची भिंत होती. तिच्यावर तसबीर होती, रेडिओची फळी होती, फळीचे चार स्क्रू होते, कॅलेंडरचा खिळासुद्धा होता. फळीच्या शेजारची, आतल्या बटनाची जागा त्यांनी कोरी सोडली होती.